सोंगटी दमते का?

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. शाळेला सुट्टी, मैदानात घोटाभर चिखल, म्हणून माझ्या भाचीने कपाटामागचा कॅरम बोर्ड ओढून काढला. सोंगट्या मांडल्या, मधोमध राणी ठेवली, मांडी ठोकून बसली आणि जोरात स्ट्रायकर मारला. सोंगट्या फुटल्या खऱ्या, पण दोन-दोन बोटं सरकून तिथेच बसल्या. मग तिने एक काळी सोंगटी नेमकी कोपऱ्यातल्या भोकाकडे पाठवली. सोंगटी निघाली झोकात, आणि भोक चार बोटांवर राहिलं असताना थांबली.

"मावशी, बघ ना! अर्ध्या रस्त्यातच दमली ही."

दमली! मला तो शब्द फार आवडला. आपण सगळेच असं बोलतो. भोवरा दमतो, झोका दमतो, घरंगळत गेलेला चेंडू दमतो. पण मित्रांनो, जरा थांबा. आपण धावून दमतो, कारण स्नायूंना काम करावं लागतं, त्यासाठी खाल्लेलं अन्न खर्ची पडतं. सोंगटी तर लाकडाची चकती. तिच्या पोटात ना पोळी ना भाजी. मग तिचं संपलं तरी काय?

या प्रश्नाने भल्याभल्यांना जवळजवळ दोन हजार वर्षं चकवलं आहे.

ग्रीस देशात ॲरिस्टॉटल नावाचा मोठा विचारवंत होऊन गेला. त्याचा जन्म इसवी सनापूर्वी ३८४ साली झाला. वनस्पती, प्राणी, तारे, राज्यकारभार, कशाचा म्हणून त्याने अभ्यास केला नाही असं नाही. वस्तूंच्या हालचालीबद्दल तो म्हणाला, की कोणी ढकलत असेल तोवरच वस्तू चालते आणि ढकलणारा थांबला की तीही थांबते. ऐकायला अगदी बरोबर वाटतं ना? बैल सोडले की गाडी उभी. मोट ओढणं थांबलं की पाणी थांबलं. डोळ्यांना रोज हेच दिसतं. एकच गोष्ट अडचणीची होती. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला हवेत कोण ढकलत असतं? हवाच त्याच्या मागून ढकलते, असं उत्तर ॲरिस्टॉटलने दिलं. पुढे अनेकांना ते पटेना, पण त्याहून चांगलं उत्तर सापडायला फार काळ जावा लागला.

आमच्या घरात मात्र ते पाच मिनिटांत सापडलं, कारण आजोबा पावडरचा डबा घेऊन आले.

"अगं, पावसाळ्यात बोर्ड दमट होतो. लाकूड हवेतलं पाणी पितं," आजोबा म्हणाले. त्यांनी आधी बोर्ड कोरड्या फडक्याने खसखसून पुसला. मग चिमूटभर पावडर टाकून तळहाताने सगळीकडे पसरली. आजोबांच्या लहानपणी मंडळाच्या खोलीत बोर्डाच्या बरोबर वर बल्ब टांगलेला असायचा. त्याचा उजेड तर पडेच, शिवाय त्याच्या उबेने बोर्ड कोरडा राही.

भाचीने तीच सोंगटी, त्याच जागी ठेवून, तशीच मारली. सुळ्ळकन गेली, भोक चुकलं म्हणून फ्रेमवर आपटली आणि परत येऊन बोर्डाच्या मध्यावर थांबली.

"आता नाही दमली!"

"बरं, पण आजोबांनी सोंगटीला खाऊ काय घातला?" मी विचारलं.

ती विचारात पडली. मग सावकाश म्हणाली, "सोंगटीला काहीच नाही. त्यांनी तर बोर्डाला लावलं."

बघा, हे किती महत्त्वाचं वाक्य आहे! सोंगटी तीच, मारणारं बोटही तेच. बदलला तो बोर्ड. म्हणजे सोंगटी थांबण्याचं कारण सोंगटीच्या आत नव्हतंच, ते बोर्डावर होतं. ती दमत नव्हती. तिला कोणीतरी अडवत होतं.

या अडवणाऱ्याचं नाव घर्षण. बोर्डाला हात लावला तर तो काचेसारखा गुळगुळीत लागतो. पण चांगल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर तोच पृष्ठभाग सह्याद्रीच्या रांगांसारखा दिसतो, नुसते कडे, सुळके आणि दऱ्या. सोंगटीचा तळही तसाच. एक डोंगररांग उलटी करून दुसरीवर ठेवावी, तशी सोंगटी बोर्डावर बसलेली असते. दोघांचे फक्त काही सुळके एकमेकांना टेकतात आणि टेकतात तिथे घट्ट धरतात. सोंगटी पुढे सरकायची तर दर क्षणाला असे असंख्य सुळके सोडवत, वाकवत, घासत जावं लागतं. या झटापटीत तिचा वेग जातो आणि त्याची उष्णता होते. ती इतकी थोडी, की हाताला कळत नाही. पण दोन तळहात एकमेकांवर जोरात चोळून पाहा, लगेच कळेल.

आणि पावडर काय करते? कॅरमची जुनी, नेहमीची पावडर म्हणजे बोरिक ॲसिडची भुकटी. ॲसिड म्हटलं म्हणून दचकू नका, हे फार सौम्य असतं. त्याचे सूक्ष्म कण पत्त्यांच्या कॅटसारखे असतात, थरावर थर रचलेले. कॅटवर बोट ठेवून ढकललं की वरची पानं कशी सटकन सरकतात? तसेच हे थर एकमेकांवरून सरकतात. दोन डोंगररांगांच्या मध्ये असा कॅट पसरला की सुळके एकमेकांना धरू शकत नाहीत. मात्र फार पावडर टाकली तर तिचेच ढीग होतात आणि सोंगटी त्यांत रुतते. म्हणून आजोबांनी चिमूटभरच घेतली होती.

आता इटलीला जाऊ या. तिथे गॅलिलिओ होता (१५६४ ते १६४२). दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणारा म्हणून तो तुम्हांला ठाऊक असेल, पण मला त्याच्या दुर्बिणीपेक्षाही त्याची फळी जास्त आवडते. होय, साधी लाकडी फळी! बारा हात लांब, अर्धा हात रुंद, तीन बोटं जाड. तिच्या कडेवर त्याने बोटभर रुंदीची सरळ खाच कोरली, घासून गुळगुळीत केली आणि तिला आतून तुकतुकीत चर्मपत्राचं अस्तर लावलं. चर्मपत्र म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेलं पातळ कातडं. मग फळीचं एक टोक थोडं उचललं आणि खाचेतून काशाची गोल गुळगुळीत गोळी सोडली.

ते चर्मपत्र कशासाठी, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. ती गॅलिलिओची पावडर होती!

गोळी किती वेळात किती अंतर जाते, हे त्याला मोजायचं होतं. पण तेव्हा इतका थोडा वेळ अचूक मोजणारी घड्याळं सहजासहजी मिळत नव्हती. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र वापरत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. गॅलिलिओनेही पाण्याचाच आधार घेतला. वर टांगलेल्या भांड्यातून पाण्याची बारीक धार गोळी सुटल्यापासून पोचेपर्यंत पेल्यात धरायची आणि ते पाणी तराजूत तोलायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त वेळ. हा प्रयोग शंभर शंभर वेळा केला, असं त्याने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. उत्तर दर वेळी एकच आलं. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते आणि तिप्पट वेळात नऊपट.

हे गणित थांबणाऱ्या वस्तूलाही उलट बाजूने लागू पडतं. सोंगटी दुप्पट वेगाने सोडली तर ती थांबेपर्यंत दुप्पट नाही, चौपट अंतर जाते. सायकलचंही तसंच. वेग दुप्पट केलात तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट रस्ता लागतो. उतारावर सायकल सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण गॅलिलिओचं खरं मोठेपण पुढे आहे. त्याने मनातल्या मनात दोन उतार समोरासमोर ठेवले, एखाद्या दरीसारखे. एका उतारावरून गोळी सोडली की ती समोरच्या चढावर साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. समोरचा चढ थोडा निजता केला तर? तीच उंची गाठायला गोळी लांबवर जाते. आणखी निजता केला तर आणखी लांब. आणि चढ पार आडवाच केला, जमिनीसारखा सपाट? मग ती उंची कधी येणारच नाही. गोळी जातच राहील, जातच राहील. अर्थात वाटेत घर्षण नसेल तर.

दोन हजार वर्षं लोक विचारत होते, वस्तूला चालतं कोण ठेवतं? गॅलिलिओने प्रश्नच फिरवला. वस्तू चालत राहणार हे धरून चाला, आणि मग विचारा, तिला थांबवतं कोण? मला वाटतं, विज्ञानात इतका मोठा पालट घडवणारे प्रश्न फार थोडे आहेत.

१६८७ साली इंग्लंडच्या आयझॅक न्यूटनने हेच आपल्या ग्रंथात पहिला नियम म्हणून मांडलं. बाहेरून बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबूनच राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या हट्टाला आपण जडत्व म्हणतो. आपल्या मराठीत 'जड' म्हणजे वजनाला भारी आणि 'जड' म्हणजे आपणहून न हलणारंही. शब्द किती चपखल बसला आहे पाहा! ज्या वस्तूत द्रव्य जास्त, म्हणजे जिचं वस्तुमान जास्त, तिचा हट्टही जास्त. रिकामा टेम्पो दोघं ढकलतात, गोण्यांनी भरलेल्याला दहा जण लागतात.

एसटी अचानक सुटली की तुम्ही मागे रेलता, ते या हट्टामुळेच. गाडी पुढे निघते, तुमचं अंग म्हणतं, मी इथेच. आणि ब्रेक लागला की गाडी थांबते, अंग म्हणतं, मी चाललोय.

हा हट्ट बोर्डावर बघायचा असेल तर पाच सोंगट्यांचा मनोरा रचा आणि सर्वांत खालच्या सोंगटीला स्ट्रायकरने सणसणीत टोला द्या. खालची सोंगटी उडून जायला हवी आणि वरच्या चार जागच्या जागी खाली बसायला हव्यात. भाचीने केलं, तर खालची गेली पण मनोराही कोसळला. दुसऱ्यांदाही तेच. मी म्हटलं, स्ट्रायकर ठेव, आता सोंगटीनेच सोंगटी मार. मारली, आणि चार मजली मनोरा टक् आवाज करून सरळ खाली बसला! वरच्या मजल्यांना कळलंच नाही, की तळमजला निघून गेला.

असं का झालं? इथे मला या खेळातली सगळ्यांत सुंदर गोष्ट सांगायची आहे.

स्पर्धेच्या नियमांप्रमाणे सोंगटीचं वजन ५ ते साडेपाच ग्रॅम असतं. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. म्हणजे स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड. आता सोंगटी सोंगटीवर सरळ, समोरासमोर आदळली तर दोघींचं वस्तुमान सारखं, म्हणून पहिली आपला जवळजवळ सगळा वेग दुसरीला देऊन टाकते आणि स्वतः थांबते. गोट्या खेळताना नेमका नेम बसला की मारलेली गोटी बरीचशी जागेवर राहते आणि समोरची उडते, तसंच. म्हणून मारलेली सोंगटी मनोऱ्याच्या अलीकडेच अडली आणि मनोरा बिनधोक खाली बसला. त्याला खाली यायला फक्त सोंगटीच्या जाडीएवढं, साधारण ८ मिलिमीटर अंतर होतं. तेवढं पडायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो.

स्ट्रायकर मात्र जड. टक्कर झाल्यावर तो थांबत नाही, सुमारे निम्म्या वेगाने पुढे जातच राहतो. तेवढ्यात वरच्या सोंगट्या खाली येत असतात आणि तो त्यांना जाऊन धडकतो. आणि सोंगटीचं काय होतं? ती स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने निघते! होय, मारणाऱ्यापेक्षा मार खाणारी जास्त जोरात धावते. हिशोब करून बघा. वस्तुमान गुणिले वेग याला संवेग म्हणतात आणि टकरीत एकूण संवेग बदलत नाही. स्ट्रायकरचा वेग १० धरला तर आधी १५ गुणिले १० म्हणजे १५०. नंतर स्ट्रायकरचे १५ गुणिले ५ म्हणजे ७५, आणि सोंगटीचे ५ गुणिले १५ म्हणजे तेही ७५. बेरीज १५०! दोघांनी अगदी निम्मं निम्मं वाटून घेतलं. खऱ्या बोर्डावर टकरीच्या त्या 'टक्' आवाजात आणि उष्णतेत थोडं हरवतं, त्यामुळे सोंगटीचा वेग दीडपटीहून जरा कमी भरतो. पण स्ट्रायकरपेक्षा ती जोरात जाते, हे नक्की.

आता सांगा, भोकाच्या समोरची सोंगटी सरळ मारली की तिच्या मागोमाग स्ट्रायकरही भोकात पडतो आणि जिंकलेली सोंगटी परत ठेवावी लागते, हे तुमच्या बाबतीत कितीदा झालं आहे? तो त्याचा निम्मा उरलेला वेग. म्हणून जाणते खेळाडू अशा वेळी जोर आवरतात. वेग थोडा असला की स्ट्रायकरला घर्षण वाटेतच थांबवतं. किंवा मग ते सोंगटीला जरा कडेने, कट मारतात. कट मारताना एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. टक्कर होते त्या क्षणी स्ट्रायकरच्या मध्यापासून सोंगटीच्या मध्यापर्यंत एक रेघ आहे असं समजा. सोंगटी त्याच रेघेवरून पुढे जाते. त्या रेघेचं टोक भोकात पोचत असेल तर तुमची सोंगटीही पोचेल.

आणि खूप वेळ खेळल्यावर बोटाचं टोक दुखतं ना? तुम्ही स्ट्रायकरला ढकलता तेव्हा तोही तुमच्या बोटाला तितक्याच बळाने उलट ढकलत असतो. हा न्यूटनचा तिसरा नियम, आपल्या नखावर रोज लिहिला जाणारा.

भाचीने मग विचारलं, "मावशी, बोर्डावर घर्षण अजिबातच नसेल तर?" खेळच होणार नाही. पहिल्या फटक्यात सुटलेल्या सोंगट्या फ्रेमवर आपटत फिरत राहतील आणि नेम धरायला एकही जागेवर सापडणार नाही. तुम्हांला बोर्डासमोर नीट बसवणारंसुद्धा घर्षणच आहे.

पण अशी जागा आहे, जिथे वाटेत अडवणारं जवळजवळ काहीच नाही. ५ सप्टेंबर १९७७ रोजी अमेरिकेतून व्हॉयेजर-१ हे यान सुटलं. अग्निबाणांनी त्याला वेग दिला आणि पुढे गुरू आणि शनी यांच्या गुरुत्वाकर्षणाने तो वाढवला. शनीजवळून ते गेलं १९८० साली. त्यानंतर त्याला पुढे ढकलणारं काहीही नाही. यानावर थोडं इंधन आहे, पण ते ॲन्टेना पृथ्वीकडे वळलेला ठेवण्यापुरतं. सूर्य त्याला किंचित मागे ओढतो, तरी आजही ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चाललं आहे. त्या वेगाने मुंबईहून पुण्याला पोचायला ९ सेकंदसुद्धा लागणार नाहीत.

आता तुमची पाळी. कॅरम बोर्डावर पेन्सिलीने एक फिकट रेघ आखा. मोजपट्टी वाकवून सोडा आणि तिच्या फटक्याने एक सोंगटी रेघेवरून उडवा. पट्टी दर वेळी सारखीच वाकवायची, म्हणजे जोर सारखा राहील. सोंगटी किती सेंटिमीटर गेली ते मोजा. आधी पुसलेल्या बोर्डावर दहा वेळा, मग चिमूटभर पावडर टाकून दहा वेळा, मग मुद्दाम जास्त पावडर टाकून दहा वेळा. सगळे आकडे वहीत लिहा. कुठला आकडा विचित्र आला तर तो खोडू नका, तसाच राहू द्या आणि तो का आला असेल याचा विचार करा. आणि उठल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवा, बोरिक पावडर पोटात जाता कामा नये.